धारण तलावाचा अहवाल: गाळाआधी झडपेचा तळ मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईत खाडीलगतच्या एका नोडमधल्या (सिडकोने आखलेल्या वसाहतीतल्या) रहिवाशांना तिथल्या धारण तलावावर, म्हणजे पावसाचे पाणी तात्पुरते साठवणाऱ्या तलावावर, धोरण-अहवाल तयार करायचा आहे. तलाव गाळाने भरत आला आहे, त्यात कांदळवन वाढले आहे आणि मोठ्या भरतीला पाऊस लागला की रस्त्यावर पाणी येते. एक गट म्हणतो सगळा गाळ उपसा, दुसरा म्हणतो एकाही झाडाला हात लावू नका. संशोधन संस्था अशा विषयाचा सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय अभ्यास कसा करतात आणि तो महापालिकेत किंवा न्यायालयात टिकण्यासाठी काय लागते, असे विचारले आहे.

पहिली गोष्ट, तीन विषयांची तीन प्रकरणे तिघांना वाटून देऊ नका. बहुतेक अहवाल इथेच फसतात. पर्यावरणाच्या प्रकरणात पक्ष्यांची यादी येते, आर्थिक प्रकरणात निविदेची रक्कम, सामाजिक प्रकरणात लोकांच्या तक्रारी, आणि या तिघांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. धारण तलावाच्या बाबतीत या सगळ्यांना बांधणारी एकच गोष्ट आहे: पाण्याचा हिशेब. किती पाणी येते, किती वेळ अडते, किती मावते आणि उरलेले कोणाच्या घरात जाते. हा हिशेब आधी करा. नुकसान, खर्च आणि झाडे हे तिन्ही त्याच हिशेबातून बाहेर पडले पाहिजेत.

हिशेबाला हात घालण्यापूर्वी एक पान लिहून काढा: कोणता निर्णय हवा आहे आणि त्यावर सही कोणाची. ही व्यवस्था सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने उभारली, डच पद्धतीवर. सखल जमिनीभोवती बांध, आत पावसाचे पाणी साठवणारे तलाव आणि खाडीच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. महापालिका १ जानेवारी १९९२ पासून काम पाहू लागली आणि शहरातल्या तलावांची देखभाल तिच्याकडे आली. कांदळवनाचा विषय वनविभागाच्या कांदळवन कक्षाचा. किनारा नियमनाची (सीआरझेड) शिफारस महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची. कांदळवन तोडायचे असेल तर सार्वजनिक हिताचे काम आहे हे दाखवून मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ही अट पक्की झाली, आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षणाखाली आहे. तलाव माणसाने बांधला म्हणून त्यात उगवलेले कांदळवन या निकालाच्या बाहेर जात नाही. अनेक जण ते बाहेर जाते असे गृहीत धरतात आणि तिथेच अडकतात. म्हणून 'तलाव साफ करा' ही मागणी एका कार्यालयाला उद्देशून लिहिता येतच नाही. झडपांची दुरुस्ती कार्यकारी अभियंत्याच्या पातळीवर सुरू होऊ शकते. कांदळवनाखालचा गाळ काढणे हा न्यायालयापर्यंत जाणारा प्रवास आहे. दोन्ही एकाच वाक्यात मागितले तर सोपे काम अवघड कामाच्या मागे वर्षानुवर्षे लटकते.

पाणथळ नियमांचा आधारही जपून घ्या. २०१७ च्या नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठागरासाठी, करमणुकीसाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले साठे वगळले आहेत. पावसाचे पाणी धरणारे तलाव त्या यादीत नाहीत. पण किनारा नियमन क्षेत्रात येणाऱ्या जागाही त्या नियमांतून वगळल्या आहेत. आपला तलाव कोणत्या नकाशावर कोणत्या रंगात आहे हे मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर सर्व्हे क्रमांकासह तपासल्याशिवाय एकाच कायद्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

आता पाणी. आधी तलावाला पाणी देणारे क्षेत्र ठरवा. विकास आराखड्यातली वॉर्डाची हद्द इथे चालत नाही. पावसाळी गटारांचा नकाशा आणि जमिनीचा उतार यांवरून पाणलोट आखा, आणि पहिल्या जोरदार पावसात चौकाचौकांत उभे राहून प्रवाह खरेच कुठे वळतो ते पाहून दुरुस्त करा. पारसिकच्या डोंगरातून येणारा एखादा नाला औद्योगिक पट्ट्यातून वळवला गेलेला असतो आणि नकाशावर तो दिसत नाही. मग साधे सूत्र: प्रवाहाचा गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून येणारा हिस्सा), ताशी मिलिमीटरमधला पाऊस आणि हेक्टरमधले क्षेत्र यांच्या गुणाकाराला ३६० ने भागले की सेकंदाला घनमीटर मिळतात.

उदाहरणासाठी काल्पनिक आकडे घेऊ. क्षेत्र २०० हेक्टर, बांधीव भाग म्हणून गुणांक ०.७, पाऊस ताशी ५० मिलिमीटर. सेकंदाला सुमारे १९.४ घनमीटर पाणी तलावात येते. भरतीमुळे झडपा ३ तास बंद राहिल्या तर सुमारे २.१ लाख घनमीटर साठवावे लागतात. तलाव १५ हेक्टरचा असेल तर पाण्याची पातळी १.४ मीटर चढते. ३ तास सलग ५० मिलिमीटर हा फार कडक पाऊस झाला, पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडलेल्या या प्रदेशात तो तपासून पाहणे गैर नाही. प्रत्यक्ष अभ्यासात मात्र सरासरी वापरू नका. महापालिकेच्या विभागवार पर्जन्यमापकांच्या दर १५ मिनिटांच्या, नाहीतर मिळतील तितक्या बारीक नोंदी मागा. २४ तासांचा एकच आकडा या कामात जवळजवळ निरुपयोगी आहे. १५० मिलिमीटर पाऊस दिवसभर रिमझिम पडला तर तलावाला काही होत नाही, तोच भरतीच्या माथ्यावर दोन तासांत पडला तर रस्ते बुडतात.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचे मोजमाप येते आणि नेमके तेच वगळले जाते. झडपेच्या तोंडाचा तळ, म्हणजे इन्व्हर्ट लेव्हल, किती आहे? तलाव गुरुत्वाने रिकामा होतो. म्हणजे ओहोटीला पाणी त्या तळापर्यंतच उतरते, खाली नाही. त्याखालचे पाणी बारा महिने तिथेच राहते. तेव्हा झडपेच्या तळाच्या खालचा गाळ काढून पुरासाठी एक घनमीटरही जागा मिळत नाही. उपसलेल्या खड्ड्यात फक्त पाणी भरून राहते. उपयोगी साठा म्हणजे झडपेचा तळ आणि सर्वांत सखल रस्त्याची किंवा मॅनहोलच्या झाकणाची पातळी यांच्यामधली जागा. 'तलाव तीन मीटर खोल करा' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी ही पातळी विचारा. पंप बसवणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग विजेचा, डिझेल जनरेटरचा आणि पावसाळाभर तिन्ही पाळ्यांतल्या माणसांचा खर्च हिशेबात आला पाहिजे.

पातळ्या मोजताना शून्य कुठले ते लिहा. भरतीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमवरून, म्हणजे सर्वांत खालच्या ओहोटीजवळच्या शून्यावरून असते, सर्वेक्षणाचे बेंचमार्क (उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणा) सरासरी समुद्रपातळीवरून, आणि मुंबईच्या जुन्या नकाशांवर टाऊन हॉल डेटम नावाचे तिसरेच शून्य भेटते. मुंबईत सरासरी समुद्रपातळी चार्ट डेटमच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. म्हणजे तक्त्यातली ४.८ मीटरची भरती सर्वेक्षणाच्या भाषेत अंदाजे २.३ मीटर. हा फरक न काढता काढलेल्या आलेखात अर्धे शहर रोज दोनदा बुडते, आणि समोरचा अभियंता तो पाहून अहवाल मिटवतो. शिवाय तक्ता अपोलो बंदरचा असतो. खाडीत आत येईपर्यंत भरतीची वेळ पुढे सरकते आणि उंचीही बदलते. म्हणून झडपेच्या खाडीकडच्या आणि तलावाकडच्या बाजूला एकेक मोजपट्टी पक्की बसवा, दोन्हींचे शून्य लेव्हल यंत्राने एकाच बेंचमार्कशी जोडा, आणि दर १५ मिनिटांनी एक पूर्ण भरती-ओहोटी, म्हणजे साधारण साडेबारा तास, नोंदवा. एकदा उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला), एकदा भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला), पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात. नोंदवहीतल्या वेळा बरोबर आहेत का हे पाहायला कोळी लोकांचा तिथीची पाऊणपट करण्याचा ठोकताळा उत्तम: चतुर्थीला तीनच्या सुमारास, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. तास-दीड तासाहून जास्त फरक दिसला तर आधी नोंदवही तपासा, मग खाडी.

या दोन पट्ट्या आणखी एक गोष्ट उघड करतात, आणि माझ्या मते सगळ्या अभ्यासातली हीच सर्वांत कामाची. पाऊस नसलेल्या दिवशी, झडपा बंद असताना तलावाची पातळी चढत असेल तर झडपा गळत आहेत. कारणे ठरलेली: बिजागऱ्या गंजलेल्या, रबरी कड फाटलेली, फटीत लाकूड किंवा प्लास्टिक अडकलेले, कडेला कालवांचे शिंपले चिकटलेले. एका झडपेत मिळून ०.२ चौरस मीटरची फट आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यात सरासरी अर्ध्या मीटरचा फरक धरला तर सेकंदाला सुमारे ०.३७ घनमीटर खाडीचे पाणी आत येते. तीन तासांत ४,००० घनमीटर. अशा ८ झडपा असतील तर ३२,००० घनमीटर, म्हणजे आपल्या १५ हेक्टरच्या तलावात २१ सेंटिमीटर. आता असे धरा की उपयोगी खोली मुळात १.६ मीटर होती आणि गाळाने त्यातले अर्धा मीटर खाल्ले. उरले १.१, लागतात १.४. तूट ३० सेंटिमीटरची, आणि गळतीचे २१ सेंटिमीटर त्यावर चढले की ती ५१ होते. झडपा नीट केल्या तर एवढ्या तुटीतला चाळीस टक्के भाग एकही झाड न तोडता, कोणत्याही न्यायालयात न जाता भरून निघतो. तुमच्या तलावाचे आकडे वेगळे येतील. पण हा भाग वेगळा मोजल्याशिवाय गाळाची चर्चा सुरूच करू नये.

गाळ मोजण्यासाठी २० मीटरच्या चौकटी आखा आणि होडीतून प्रत्येक छेदबिंदूवर दोन वाचने घ्या: एक बुडाला रुंद चकती लावलेल्या काठीने, मऊ चिखलाच्या माथ्याचे, दुसरे टोकदार सळईने, कठीण तळाचे. दोन्हींतला फरक म्हणजे साचलेला गाळ. नुसती सळई खुपसली तर गाळ कमी दिसतो, कारण ती मऊ थरातून आरपार जाते. प्रत्येक वाचन झडपेच्या तळाच्या वर की खाली, असे दोन रंगांत नकाशावर मांडा. हा एक नकाशा भांडणाऱ्या दोन्ही गटांसमोर ठेवा. काढून उपयोग होईल असा गाळ कुठे आहे आणि तो मोकळ्या पाण्याखाली आहे की कांदळवनाखाली, हे सगळ्यांना एकाच वेळी दिसते.

तो गाळ आला कुठून हेही विचारा. डोंगरातल्या खाणींची उघडी जमीन, बांधकामांची माती, आणि गळक्या झडपांतून येणारा खाडीचा बारीक चिखल. खडीचे, लालसर कण नाल्याच्या तोंडाशी जाड थरात सापडले तर स्रोत वरचा. करडा, चिकट चिखल झडपेजवळ जाड असेल तर खाडीचा. वरून येणाऱ्या गाळासाठी नाल्यावर तलावाच्या अलीकडे गाळसापळा बांधणे आणि तो दरवर्षी मे महिन्यात रिकामा करणे हे तलाव उपसण्यापेक्षा कैक पटींनी सोपे आहे. नाहीतर आज काढलेला गाळ काही पावसाळ्यांत परत तिथेच.

झाडांची मोजणी: १० बाय १० मीटरच्या चौकोनांत जात, खोडाचा घेर, रोपांची संख्या. ठाणे खाडीत तिवर सर्वाधिक, चिपी आणि मारंडीही भेटते. जुने उपग्रह नकाशे लावून वर्षागणिक हिरवा पट्टा कसा वाढला ते दाखवा. २०१८ च्या निकालाआधीची वाढ आणि नंतरची वाढ वेगळी करा, न्यायालय ते विचारू शकते. पक्ष्यांच्या नोंदी भरतीच्या वेळेसह घ्या. फ्लेमिंगो आणि इतर पाणपक्षी ओहोटीला खाडीच्या चिखलावर चरतात आणि भरतीला आत विसावतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तेव्हा लगतचा तलाव भरतीचा आसरा आहे की नाही हा प्रश्न तुमच्या तलावापुरता राहत नाही. झडपा पूर्ण बंद ठेवून भरतीचे पाणीच तोडले तर तलावाचा खारेपणा आणि चिखलातले जीवन बदलते. उन्हाळ्यात ठरलेल्या दिवशी झडप उचलून पाणी आत घेण्याचे वेळापत्रक ही शिफारस म्हणूनच झडप दुरुस्तीबरोबर लिहा. हे दोन्ही एकत्र जमते.

माणसांची पाहणी करताना संपूर्ण नोडमधून सरसकट नमुना काढू नका. ५ टक्के चुकीची मर्यादा आणि ९५ टक्के खात्री यांसाठी ३८४ घरे लागतात. घरे समूहांनी निवडली तर दीडपट, म्हणजे ५७६. दार न उघडणाऱ्यांसाठी थोडी भर घालून ६४० धरा. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे थर. गावठाण, सिडकोची बैठी घरे, वस्ती, मोठ्या सोसायट्या. सिडकोने भराव टाकून नोड उभे केले आणि मूळ गावठाणे बऱ्याच ठिकाणी रस्त्याहून खाली राहिली, त्यामुळे एकाच पाऊसपाण्यात सातव्या मजल्यावर शून्य नुकसान आणि गावठाणात फ्रिज, पीठ, वह्या सगळे गेलेले असते. सरसकट सरासरी हा फरक पुसून टाकते. २०११ च्या जनगणनेवर एकट्यावर विसंबू नका, ती फार जुनी झाली; मालमत्ता कराची देयके आणि वीजमीटर यांच्याशी ताळा घ्या.

प्रश्न विचारताना 'किती फूट पाणी आले' असे विचारू नका. घोटा, पोटरी, गुडघा, मांडी असे विचारा, मग भिंतीवरची खूण दाखवायला सांगा आणि ती खूण टेपने मोजून पातळी बेंचमार्कला जोडा. आठवण एका पावसाळ्यापुरतीच मागा. बुडालेल्या दिवसांची मजुरी वेगळी विचारा, आणि घरकामाला येणाऱ्या बायका, रिक्षावाले, भाजीवाले पाणलोटाबाहेर राहत असले तरी त्यांना पाहणीत घ्या. दिवाळे, सारसोळे, करावे अशा गावांतल्या मासेमारांची नोंद महिन्याच्या आकड्यांत होत नाही. भांग-उधाणानुसार पंधरवड्याची वही ठेवावी लागते: कोणती जाळी, किती तास, किती पाटी, काय भाव. त्यांची पकडण्याची नेमकी जागा अहवालात छापू नका. ती त्यांची पुंजी आहे.

पैशांच्या भागात निविदेची रक्कम लिहून थांबू नका. दरवर्षीचे अपेक्षित नुकसान काढा. समजा, पाहणीवरून दर दोन वर्षांनी येणाऱ्या पाण्यात ५० लाखांचे, दहा वर्षांतून एकदा येणाऱ्यात ३ कोटींचे आणि पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्यात ८ कोटींचे नुकसान निघाले. संभाव्यता आणि नुकसान यांच्या आलेखाखालचे क्षेत्र ७० लाख, ३३ लाख आणि शेपटीचे ३२ लाख मिळून वर्षाला साधारण १.३५ कोटी होते. प्रत्येक पर्यायाने यातले किती वाचते ते मांडा: फक्त झडपा, झडपा आणि गाळसापळा, त्यांत मोकळ्या पाण्यातला गाळ, आणि शेवटी कांदळवनाखालचा गाळ. बहुतेक वेळा शेवटच्या पर्यायाचा खर्च सर्वांत जास्त आणि वाढीव फायदा सर्वांत कमी निघेल असे मला वाटते, पण आकड्यांनी उलटे सांगितले तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा.

गाळाच्या वाहतुकीचा खर्च हमखास विसरला जातो. एक लाख घनमीटर गाळ, दहा घनमीटरचा डंपर, दहा हजार फेऱ्या. कोणत्या रस्त्याने आणि कुठे टाकणार? ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचे सांडपाणी अनेक दशके याच खाडीत आले आहे, त्यामुळे शिसे, क्रोमियम, पारा, कॅडमियम यांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्या, पृष्ठभागाची आणि एक मीटर खोलीची वेगवेगळी. दूषित निघाला तर तो भरावासाठी विकता येत नाही आणि सगळा हिशेब बदलतो.

कागद मिळवायला माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'गाळ का काढला नाही' असे विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. कागदाचे नाव घेऊन मागा: कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, अंतिम देयक, कामाआधीच्या आणि नंतरच्या पातळ्या, डंपरच्या वजनकाट्याच्या पावत्या. त्याहून चांगले म्हणजे फाईल पाहण्याची परवानगी मागा. टिपण्यांमध्ये काम कुठे अडले ते लिहिलेले असते. अर्थसंकल्पात अंदाजपत्रकी, सुधारित आणि प्रत्यक्ष असे तीन रकाने असतात. प्रत्यक्षाचाच वाचा, किमान तीन वर्षांचा. पैसा ठेवला आणि खर्च झाला नाही, असे दिसले तर अडचण पैशाची नाही, परवानगीची किंवा निविदेची आहे, आणि शिफारस तशी बदलते.

 

वेळेचे भान ठेवा. पावसाळ्यापूर्वीची कामे मेअखेर संपवायची असतात, त्यांच्या निविदा त्याआधी काही महिने निघतात आणि अर्थसंकल्पाची जुळवाजुळव हिवाळ्यात होते. म्हणजे अहवाल जूनमध्ये दिला तर वर्ष वाया जाते; मोजमापे मे ते सप्टेंबर, मांडणी ऑक्टोबर, आणि नोव्हेंबरात मराठी दोन पानी टिपण कार्यकारी अभियंत्याच्या हातात. पहिल्या पानावर गाळाचा दुरंगी नकाशा आणि चार पर्यायांचा तक्ता, दुसऱ्यावर कोणत्या पर्यायाला कोणाची परवानगी. सविस्तर अहवाल सोबत जोडा. तो आयुक्तांना देण्याआधी अभियंत्याला दाखवा आणि त्याने पातळ्यांत काढलेली चूक दुरुस्त करा. आवक क्रमांक घ्या. सगळ्या मूळ नोंदी, वेळांसह, कोणीही तपासू शकेल अशा पद्धतीने खुल्या ठेवा; न्यायालयात समोरचा पक्ष आधी तिथेच बोट ठेवतो. मोजपट्ट्या काढू नका. झडपा दुरुस्त झाल्यावर पुढच्या उधाणाला त्याच दोन पट्ट्या पुन्हा साडेबारा तास वाचा आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर कार्यकारी अभियंत्याला पाठवा.